चाव्या कुणाकडे?
मुंबईच्या एका मोठ्या कलाकेंद्राच्या कारभारातून आपण काय घ्यावे

दर पंधरवड्याला आपण इथे गटाच्या कारभारावर बोलतो. मागच्या वेळी व्याजाचा हिशोब झाला, त्याआधी वह्या कशा लिहायच्या ते झाले. आज आम्ही तुम्हाला नाटक-गाण्याच्या एका मोठ्या घराची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमचा आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे. पण त्याआधी आमच्याच गटात घडलेले सांगतो.

आमच्या गटाच्या अध्यक्ष काकू फार कर्तबगार. पंधरा वर्षांपूर्वी, बाया उंबरठ्याबाहेर पडायला बिचकत होत्या तेव्हा, काकूंनी दारोदार फिरून दहा जणी जमवल्या आणि गट उभा केला. बँकेचा साहेब त्यांना नावाने ओळखतो. त्यामुळे सगळे त्यांच्याकडेच राहिले. पासबुक त्यांच्या कपाटात, चेकबुक तिथेच, शिक्काही तिथेच. कुणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. काकू प्रामाणिक होत्या, आजही आहेत. रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. कपाटाची चावी त्यांच्या कमरेला. त्याच आठवड्यात गटातल्या एका ताईच्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची होती. कर्ज मंजूर होते, ठराव लिहिलेला होता, फक्त पैसे काढायचे होते. पण सही काकूंची लागणार आणि चेकबुकही कपाटात. अकरा दिवस गेले. फीची तारीख टळू नये म्हणून ताईने कानातली सोनाराकडे गहाण ठेवली. ती कानातली सोडवायला तिला पुढे सहा महिने लागले.

चोरी झाली नाही, कुणी खोटे बोलले नाही, तरी एका बाईचे नुकसान झाले. यात चूक कुणाची, हे आम्हाला बरेच दिवस नीट सांगता येत नव्हते. ते समजले मुंबईत, समुद्राच्या काठावर.

आम्ही आठ जणी पापड, मसाले आणि गोधड्या घेऊन मुंबईला प्रदर्शनात गेलो होतो. एक दिवस दुपारी मोकळा मिळाला, म्हणून नरिमन पॉईंटला समुद्र बघायला गेलो. मरीन ड्राइव्हचा रस्ता संपतो तिथे, अगदी टोकाला, एक मोठे आवार आहे. बाहेर नाटकाचे आणि गाण्याच्या मैफलीचे फलक लावलेले. पाटी वाचली : नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे प्रयोगकलांचे राष्ट्रीय केंद्र. मुंबईकर त्याला एनसीपीए म्हणतात. आमच्यातल्या एकीने सहज विचारले, "एवढा डोलारा चालवतं कोण गं? याचा मालक कोण?" उत्तर कुणालाच आले नाही. परत आल्यावर आम्ही त्याची माहिती काढली, वाचनालयात बसलो, जाणत्या माणसांना विचारले. त्या एका प्रश्नाचे उत्तर आजचे हे भाषण.

पहिली गोष्ट, तिथे मालक नाही. नावात 'राष्ट्रीय' आहे म्हणून ते सरकारी खाते असेल असे आम्हाला वाटले होते, तेही नाही. १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांनी टाटांच्या ट्रस्टच्या पाठबळावर ही संस्था उभी केली. जमशेद भाभा म्हणजे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे धाकटे भाऊ. संस्था नफ्यासाठी नाही. ती विश्वस्तांच्या हाती आहे. विश्वस्त म्हणजे ज्यांच्या हाती विश्वासाने वस्तू सोपवली ते. ते राखणदार असतात, ती वस्तू त्यांच्या मालकीची नसते. आपल्या गटाच्या पैशाचेही तसेच आहे. पैसा दहा जणींचा, अध्यक्ष आणि सचिव त्याच्या राखणदार.

दुसरी गोष्ट आम्हाला फार आवडली. आज तिथे पाच नाट्यगृहे आहेत, पण सुरुवातीला एकही नव्हते. संस्था सुरू झाली ती भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या छोट्याशा जागेत. आधी काम सुरू झाले, माणसे जमली, जुन्या जाणत्या गवयांचे गाणे ध्वनिमुद्रित करून जपायला घेतले. नरिमन पॉईंटला समुद्रात भर घालून तयार झालेली सुमारे आठ एकर जागा मिळाली, आणि तिथले टाटा थिएटर उघडले १९८० साली. म्हणजे मधे अकरा वर्षे गेली. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. आधी ऑफिसची खोली, पाटी आणि खुर्च्या येतात, काम मागून येते.

आता तो डोलारा चालतो कसा, ते बघू. आपल्याला जत्रेतला तमाशा माहीत आहे. फडाचा एक मालक असतो. विठाबाई नारायणगावकरांसारखी थोर कलावंत असेल तर फड बाईच्या नावाने उभा राहतो. पण नुसत्या मालकाने फड चालत नाही. सुपारी ठरवणारा मॅनेजर लागतो, ढोलकीवाला लागतो, सोंगाड्या लागतो, तंबू ठोकणारे, गाडी चालवणारे आणि भाकरी थापणारेही लागतात. प्रत्येकाचे काम ठरलेले. ढोलकीवाला गल्ल्यावर बसत नाही आणि मॅनेजर वग कसा रंगवायचा ते शिकवत नाही. मोठ्या कलाकेंद्राचे तसेच असते, फक्त पायऱ्या जास्त असतात.

सगळ्यात वरची पायरी विश्वस्तांची आणि परिषदेची. यांचे काम रोजचा कारभार बघणे नाही. संस्था कशासाठी आहे ते विसरू न देणे, वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करणे, हिशोब तपासून घेणे आणि मुख्य कारभारी नेमणे ही त्यांची कामे. परिषदेचा अध्यक्ष हा संस्थेचा चेहरा असतो. देणगीदारांकडे, सरकारकडे आणि परदेशी पाहुण्यांकडे तो जातो.

दुसरी पायरी कार्यकारी संचालकाची. घरात सासू-सासरे वडीलधारे असतात, पण आज दळण संपले की उद्या संपणार हे ज्या बाईला ठाऊक असते ती खरी कारभारीण. कार्यकारी संचालक म्हणजे ती. वर परिषदेला उत्तर द्यायचे आणि खाली सगळ्या विभागांना जोडून ठेवायचे.

तिसरी पायरी कलाविभागांच्या प्रमुखांची. एनसीपीएमध्ये भारतीय संगीत, पाश्चात्त्य संगीत, नाटक, नृत्य, चित्रपट असे वेगवेगळे विभाग आहेत, आणि प्रत्येकाला त्या कलेतले कळणारे माणूस प्रमुख असते. अनेक वर्षे भारतीय संगीताचे काम सतारवादक डॉ. सुवर्णलता राव यांनी पाहिले, नृत्याचे काम ओडिसी नर्तिका स्वप्नकल्पा दासगुप्ता यांनी पाहिले, नाटकाच्या विभागाची धुरा दीपा गहलोत यांनी वाहिली. तिन्ही नावे बायांची आहेत हे तुमच्या लक्षात आले असेल. कोणता गायक बोलवायचा, कोणते नाटक घ्यायचे, नव्या मुलांना कधी संधी द्यायची, हे या प्रमुखांनी ठरवायचे. ज्याला त्यातले कळते त्याने ठरवावे, असा तो साधा नियम.

चौथी पायरी पडद्यामागची. प्रकाश, ध्वनी, रंगमंचाची यंत्रे, वीज, आग विझवण्याची साधने. तिकीटखिडकी, प्रेक्षकांना जागा दाखवणारे, स्वच्छता. हिशोब विभाग. देणग्या आणि सभासद मिळवणारा विभाग. यांचे नाव फलकावर कधी येत नाही. पण मैफल रंगात आली असताना दिवे गेले, तर सगळे लोक यांच्याकडेच बघतात.

आता एक कार्यक्रम या चार पायऱ्यांवरून कसा उतरतो ते पाहा. समजा पुढच्या हिवाळ्यात नृत्याचा महोत्सव करायचा आहे. नृत्यप्रमुख कलाकारांची यादी करते. हिशोब विभाग खर्च मांडतो : मानधन, प्रवास, मुक्काम, जाहिरात. कार्यकारी संचालक दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारते, तिकिटातून किती येतील, बाकीचे कुठून आणायचे? देणग्या मिळवणारा विभाग कामाला लागतो. तांत्रिक प्रमुख सांगतो, त्या आठवड्यात मोठे नाट्यगृह दुरुस्तीला आहे, छोटे घ्या. मग तारीख ठरते. यात कुणा एकाचा हुकूम नाही. पण कोणत्या प्रश्नावर शेवटचा शब्द कुणाचा, हे मात्र आधीच ठरलेले असते. गोंधळ होत नाही तो त्यामुळे.

पैशाचे एक पथ्य इथे सांगायला हवे. शास्त्रीय गाणे आणि नाटक यांचा सगळा खर्च तिकिटांतून निघणे जगात कुठेही अवघडच असते. म्हणून अशा केंद्रांना देणग्या, सभासदांची वर्गणी, नाट्यगृहाचे भाडे आणि कायम निधीचे व्याज यांवर चालावे लागते. मग देणगीदार म्हणू शकतो, "माझ्या भाचीचा नाच ठेवा." तेव्हा पैसे आणणारा माणूस आणि कलाकार निवडणारा माणूस वेगळा असेल, तर नाही म्हणणे सोपे जाते. दोन्ही कामे एकाच माणसाकडे असली की त्याची जीभ अडखळते. आपल्या गटात कर्ज मागणारी बाई आणि कर्ज मंजूर करणारी बाई एकच असली की काय होते, ते वेगळे सांगायला नको.

आता माणसांकडे येऊ. पायऱ्या कागदावर आखता येतात, पण त्यांवर उभे कोण राहते त्यावर सगळे अवलंबून असते. या केंद्राच्या सुरुवातीच्या काळात कार्यकारी संचालक होते डॉ. नारायण मेनन. त्याआधी ते आकाशवाणीचे महासंचालक होते आणि स्वतः वीणा वाजवत. म्हणजे रेडिओवरच्या माणसाने हे घर मांडायला हातभार लावला, हे आज रेडिओवरून सांगताना आम्हाला बरे वाटते. आपले लाडके पु. ल. देशपांडे यांनीही तिथे मानद संचालक म्हणून काम केले. डॉ. अशोक रानडे यांच्यासारखा संगीताचा अभ्यासक पुढे तिथे संशोधनाचे काम पाहत होता. संस्थापकांनी स्वतःला सगळे येते असे मानले नाही. उद्योगातल्या माणसांनी पैसा, जागा आणि शिस्त सांभाळली, आणि गाण्या-नाटकाचे काम त्यातल्या जाणकारांना दिले.

जाणकारांना विचारून केले तर काय होते, त्याचा दाखला म्हणजे टाटा थिएटर. त्याचा आराखडा अमेरिकेचे वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांचा, आणि आवाजाची जुळवाजुळव सिरिल हॅरिस या तज्ज्ञाची. साधारण हजार माणसे बसतात. पण आपले गाणे हे जवळून ऐकायचे गाणे. गवयाचा हात कसा फिरतो, चेहऱ्यावर काय उमटते, ते दिसले पाहिजे. म्हणून खुर्च्या लांब बोळासारख्या मागे मागे न नेता पंख्यासारख्या पसरल्या, म्हणजे मागचा माणूसही फार दूर पडत नाही. माइक न लावताही आवाज पोचावा अशी भिंती-छताची रचना केली. वापरणाऱ्याची गरज आधी विचारली, मग विटा लावल्या. आपल्या गावात बायांना न विचारता बांधलेली किती शौचालये आणि किती धोबीघाट पडून आहेत, ते आठवा.

आता जिच्यासाठी आम्ही हे भाषण मुद्दाम लिहिले त्या बाईविषयी. विजया मेहता. मराठी नाटकाशी ज्यांचा थोडाही संबंध आहे, त्या त्यांना विजयाबाई म्हणतात. १९३४ चा जन्म, बडोद्याचा. इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्याकडे नाटक शिकल्या. १९६० साली विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशा मंडळींबरोबर 'रंगायन' ही संस्था उभी करण्यात त्या पुढे होत्या. त्यांचे पहिले लग्न दुर्गाबाई खोटे यांच्या मुलाशी, हरीन खोटे यांच्याशी झाले. दोन लहान मुले असताना पतीचे निधन झाले. असे दुःख आल्यावर घर आणि काम दोन्ही धरून ठेवणे म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना सांगावे लागणार नाही. पुढे त्यांनी फारोख मेहता यांच्याशी लग्न केले आणि नाटकाचे काम चालू ठेवले. 'वाडा चिरेबंदी', 'हमीदाबाईची कोठी', 'महासागर', 'बॅरिस्टर' ही त्यांनी दिग्दर्शित केलेली नाटके. 'रावसाहेब' सिनेमातल्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि १९९० च्या दशकात एनसीपीएच्या कार्यकारी संचालक. थोडे थांबून विचार करा. ही बाई मुळात नटी आणि दिग्दर्शक. आपल्याकडे अजून म्हणतात, कलावंताला हिशोब कळत नाही आणि बाईला कारभार कळत नाही. इथे कलावंतही तीच आणि बाईही तीच, आणि टाटा-भाभांनी उभ्या केलेल्या संस्थेची किल्ली तिच्या हाती आली.

आम्हाला वाटते, नाटकाच्या दिग्दर्शकाला कारभार खरे तर सोपा जावा. दिग्दर्शकाला वीस माणसे एका वेळेला, एका जागी, एका कामाला उभी करायची असतात. एक नट रुसलेला असतो, एकाला ताप असतो, पडदा मात्र साडेआठला उघडायचा असतो. आणि नाटक उभे राहिले की दिग्दर्शकाला रंगमंचावर जागा नसते. तो अंधारात मागे उभा राहतो आणि नट पुढे जातात. गटाच्या अध्यक्ष बाईने यातले शेवटचे जेवढे घ्यावे तेवढे थोडे. गट उभा करताना तुम्ही पुढे, आणि गट चालू लागला की बाकीच्या जणी पुढे.

आता जमशेद भाभांची एक हकिगत ऐका. आपल्या काकूंच्या कपाटाशी तिचा संबंध आहे.

टाटा थिएटर झाल्यावर त्याच आवारात आणखी एक भव्य नाट्यगृह बांधायचे भाभांच्या मनात होते. मोठी वाद्यवृंदाची मैफल, संगीतिका, बॅले असे प्रयोग तिथे व्हावेत म्हणून. काम जवळजवळ पुरे होत आले असताना १९९७ साली आग लागली आणि ते जळाले. भाभा तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. त्या वयात माणूस म्हणतो, आता पुरे. भाभांनी ते पुन्हा बांधायला घेतले, आणि १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये नाट्यगृह उघडले. आज त्याला त्यांचेच नाव आहे, जमशेद भाभा थिएटर. अकराशेच्या वर माणसे बसतात.

जिद्दीची गोष्ट म्हणून ही सगळे सांगतात. आम्हाला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. २००७ साली भाभा गेले. संस्थेला जवळजवळ चाळीस वर्षे त्यांचा हात होता. ज्या घराला एका माणसाची इतकी सवय झाली, ते घर त्या माणसाबरोबर बसते, असे आपण गावोगाव पाहतो. इथे तसे झाले नाही. कारण भाभांनी दोन गोष्टी जिवंतपणीच केल्या होत्या. एक, खुशरू सनटूक यांना आधीच संस्थेच्या कामात आणले होते. ते काही वर्षे भाभांबरोबर वावरले, काम शिकले, आणि मग अध्यक्ष झाले. दुसरे, आपली मालमत्ता संस्थेच्या नावे लिहून ठेवली होती. त्यात मलबार हिलवरचा 'मेहरांगीर' बंगला होता, होमी भाभा जिथे राहिले तो. २०१४ साली त्याचा लिलाव झाला आणि ३७२ कोटी रुपये आले.

त्या लिलावावर वादही झाला, तोही सांगितला पाहिजे. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे घर विकू नका, तिथे स्मारक करा, अशी अणुशक्ती केंद्रातल्या लोकांची आणि इतरांची मागणी होती. प्रकरण कोर्टात गेले. बंगला पुढे पाडलाही गेला. स्मारक की संस्थेचा कायम निधी? दोन्ही बाजूंना वजन आहे. कुणी कारभार करायचा म्हटले की असे निर्णय येतातच, ज्यात सगळे खूश होत नाहीत. तेव्हा निर्णय कुणी घेतला, कोणत्या अधिकाराने घेतला आणि तो कुठे लिहिला आहे, एवढे तरी स्पष्ट हवे.

सनटूक यांच्या काळातले एक काम सांगून पुढे जातो. २००६ साली त्यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव्ह यांच्याबरोबर 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू केला. पाश्चात्त्य संगीत वाजवणारा, पगारी वादकांचा मोठा वाद्यवृंद. पण अडचण अशी की एवढे वाजवणारे आपल्याकडे तयारच नव्हते. बरेच वादक परदेशातून आणावे लागले. नाव भारताचे आणि वादक बाहेरचे, अशी टीका झाली, ती अगदी खोटीही नव्हती. त्यावर एनसीपीएने लहान मुलांना व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवण्याचे वर्ग सुरू केले, म्हणजे पुढे वादक इथेच तयार व्हावेत. उत्तर मिळायला पंधरा-वीस वर्षे लागणार, हे माहीत असून सुरू केले. आपल्या गटात हिशोब लिहिणारी एकच लिपिका असते. ती लग्न होऊन गेली की आपण दुसऱ्या गावची बोलावतो. दोन मुलींना आधीच शिकवून ठेवायला काय हरकत आहे?

एवढे सगळे ऐकून कुणाला वाटेल, तिथे सगळे गोडच आहे. तसे नाही. मुंबईतही पुष्कळ लोकांना ती वास्तू बड्या लोकांची वाटते. इंग्रजीचा वावर, आवाराचा थाट, दक्षिण मुंबईचे टोक. आम्ही आठ जणी फाटकाबाहेर उभ्या होतो तेव्हा आत जायला आमचेही पाय उचलले नाहीत. कुणी अडवले नव्हते. आम्हीच थबकलो. तिथे 'प्रतिबिंब' नावाचा मराठी नाट्यमहोत्सव होतो, भारतीय संगीताच्या आणि नृत्याच्या मैफली होतात, काही कार्यक्रम विनामूल्यही असतात. तरी भारूड म्हणणारी, ओव्या म्हणणारी, पोतराजाचे सोंग घेणारी माणसे त्या आवारात किती वेळा पोचतात, हा प्रश्न उरतोच. 'राष्ट्रीय' हा शब्द पाटीवर लिहिला की त्यात कोण कोण बसते, हे चालवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विचारावे लागते. आमच्या ग्रामसंघाच्या पाटीवर 'सर्व महिलांचा' असे लिहिले आहे. वस्तीवरच्या किती जणी त्यात आहेत, ते आम्ही परवा मोजले. चारच निघाल्या.

आता परत आपल्या कपाटाकडे. चूक काकूंची नव्हती. आमची सगळ्यांची होती. काकूंच्या प्रामाणिकपणावर आम्ही इतक्या विसंबलो की व्यवस्था लावलीच नाही. प्रामाणिक माणूसही आजारी पडते, गावाला जाते, म्हातारे होते. मुंबईच्या त्या केंद्राकडे बघून आम्ही आमच्या गटात चार ठराव केले, ते सांगतो. तुम्हाला पटले तर तुमच्या पुढच्या बैठकीत घ्या.

पहिला, तीन वस्तू तीन घरी. पासबुक कोषाध्यक्षाकडे, चेकबुक सचिवाकडे, शिक्का अध्यक्षाकडे. ठराव पुस्तक बैठकीच्या जागी, सगळ्यांना दिसेल असे.

दुसरा, बँकेत सहीचा अधिकार तिघींना, आणि त्यांतल्या कोणत्याही दोघींच्या सहीने व्यवहार. त्यासाठी गटाचा ठराव, तिघींचे फोटो आणि आधार कार्ड घेऊन बँकेत जावे लागते. एक दिवसाची मजुरी जाते, पण ती जाऊ द्या.

तिसरा, कोणता निर्णय कुणाचा ते लिहून ठेवणे. किरकोळ खर्च सचिवाने करावा. कर्जमंजुरी बैठकीतच व्हावी, आणि जिचे कर्ज आहे तिने त्या वेळी मत देऊ नये. तातडीच्या दवाखान्याच्या खर्चाला दोन पदाधिकारी पुरे, पुढच्या बैठकीत हिशोब सांगायचा.

चौथा, प्रत्येक पदाच्या मागे एक शिकाऊ बाई. अध्यक्ष बँकेत गेली की ती बरोबर जाईल, सचिव ठराव लिहिते तेव्हा ती शेजारी बसेल. वर्षभराने तिला करू द्यायचे आणि जुनीने नुसते बघायचे.

शेवटचा ठराव सगळ्यात अवघड गेला. काकूंना वाटले, आपल्याला काढताहेत. दोन बैठका त्या आल्याच नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला तरी कुणी विषय काढेना. मग जिची कानातली गहाण पडली होती तीच ताई बोलली. म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे मी सही करायला शिकले. आता चेक भरायला पण तुम्हीच शिकवा."

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग उठल्या, कपाट उघडले आणि पासबुक काढून ताईच्या हातात दिले. म्हणाल्या, "हे वरचं पान बघ, इथं तारीख असते."

आता काकू अध्यक्ष नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नव्या दोघींना घेऊन बँकेत जातात आणि बाकड्यावर बसून राहतात. त्या काही बोलत नाहीत. खिडकीशी त्या दोघीच जातात.

तुमच्या गटाच्या चाव्या कुणाकडे आहेत, हे पुढच्या बैठकीत जरूर विचारा. आणि विचारताना जिच्याकडे आहेत तिला आधी चहा द्या.